परदेशीपुऱ्यातल्या गोदामाची बोली

मला नीलामीच्या जाहिराती वाचायचा नाद आहे. कुणाला सराफ्यात जाऊन काही न घेता नुसते दागिने बघायला आवडतात, तसं माझं मकानांचं. सकाळी पेपर आला की आमचे हे पहिलं पान घेतात आणि मी आतलं ते बारीक अक्षरांचं. वर्षानुवर्षं संपत्तिकर थकला, नोटिसा देऊनही कुणी भरला नाही, की निगम, आमची महापालिका, ते दुकान, प्लॉट, जे काय असेल ते कुर्क, म्हणजे जप्त, करतं आणि बोली लावून विकून टाकतं. बोली बहुतेक वेळा बाजारभावाच्या खूप खालून सुरू होते. एवढं वाचलं की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागतात.

मी एका दवा कंपनीत परचेसला आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांनी घासाघीस केली, त्यामुळे भाव कुठे खरा आणि कुठे फुगवलेला हे नाकाला कळतं. रविवारी सकाळी स्कूटर काढायची आणि पेपरात आलेली एखादी जागा बघून यायची, हा माझा पिकनिकचा प्रकार. काय काय बघितलंय म्हणून सांगू. एक प्लॉट कागदावर सुरेख, जाऊन बघितला तर निम्मा नाल्यात. एक दुकान तिसऱ्या मजल्यावर आणि तिथवर जिनाच नाही. बांधणाऱ्याने जिन्याच्या आधीच हात वर केलेले. एका फ्लॅटमध्ये जुना मालक सहकुटुंब राहत होता. त्याने मला बसवून चहा पाजला आणि अगदी प्रेमाने सांगितलं, "ले लो बहनजी, पर मैं जाऊँगा नहीं."

"बघायला पैसे पडत नाहीत तोवर खुशाल बघ," असं ह्यांचं धोरण. हे वीज विभागातले, सरळमार्गी माणूस. जिथे 'जैसा है जहाँ है' लिहिलेलं असतं, म्हणजे असेल तसं घ्या, मागाहून तक्रार नाही, तिथे ते पायसुद्धा ठेवत नाहीत. मला मात्र त्या चार शब्दांतच सगळी गंमत वाटायची.

पण बघण्याच्या पुढे मी कधी गेले नव्हते. गेले ते वहिनींमुळे.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. छत्रीबागेतल्या आमच्या घरात त्या आणि भाऊजी खाली, आम्ही वर. वहिनी शाळेत खेळाच्या टीचर होत्या. तरुणपणी टेबल टेनिस खेळत देशभर हिंडलेल्या, आणि रिटायर झाल्यावर जवळच्या समाजाच्या हॉलमध्ये पोरांना शिकवायला लागलेल्या. आमचं फार सख्य होतं असं नाही. त्यांना माझं बोलणं जास्त वाटायचं आणि मला त्यांचं न बोलणं. एका घरात नांदत होतो, सणावाराला एकत्र पुरणं वाटत होतो, बस.

मग त्या हॉलला एसी लागला. टाइल्स लागल्या, झुंबर लागलं, आणि हॉल लग्नांना द्यायचं ठरलं. कमिटीचे लोक वहिनींशी फार अदबीने बोलले, पण मतलब एकच होता. वहिनींची टेबलं घडी करून आमच्या पोर्चमध्ये आली. एक टेबल कसंबसं उघडं राहायचं आणि त्याच्याभोवती सगळी बॅच आपापल्या नंबराची वाट बघत पायऱ्यांवर बसायची. वहिनींनी शहरभर हॉल शोधले. कुठे भाडं आवाक्याबाहेर, कुठे छत इतकं खाली की उंच उडवलेला चेंडू पंख्याला लागेल. मे महिन्यातल्या एका दुपारी मी ऑफिसातून आले तेव्हा वहिनी पोर्चमध्ये एकट्या बसून टेबलावरची धूळ पुसत होत्या.

"मधे खांब नको," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "छत उंच हवं आणि वारा आत यायला नको. एवढंच तर मागतेय मी."

"वहिनी," मी म्हटलं, "ही तर तुम्ही गोदामाची व्याख्या सांगितली."

त्यांनी मान वर केली. मी वर जाऊन त्या आठवड्याचे पेपर घेऊन आले. परदेशीपुऱ्यात एक गोदाम कुर्क झालं होतं. मी ती जाहिरात आधीच वाचून ठेवली होती, सवयीने. त्या दिवशी पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवली, आणि वाचता वाचता माझाच आवाज चढत गेला.

रविवारी आम्ही दोघी स्कूटरवरून निघालो. वहिनी माझ्या मागे पहिल्यांदाच बसल्या होत्या. परदेशीपुऱ्यात गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या अशा कितीतरी जागा आहेत. हे गोदाम एका गलीच्या टोकाला होतं. लांबलचक विटांची भिंत, तिच्यावर पिंपळाचं रोपटं, आणि लोखंडी दारावर निगमाचं सील. आत जायची सोय नव्हती. ही नीलामीतली सगळ्यात मोठी अडचण असते. घ्यायचं आख्खं मकान, आणि बघायचा नुसता दरवाजा.

माझा एक रिवाज आहे. समोरच्या घरात विचारल्याशिवाय कुठल्याही जागेबद्दल मत बनवायचं नाही. समोरच्या बाई साड्यांना फॉल लावत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की गोदामात गिरण्यांना लागणारे सुटे भाग भरलेले असायचे, मालक वारल्यावर मुलं दुसरीकडे गेली, आणि तेव्हापासून ते बंदच आहे. भाडेकरू नाही, कुणी राहत नाही, कोर्टकचेरीचं कधी काही कानावर आलं नाही. त्यांच्या गच्चीवरून आम्ही छप्पर बघितलं. पत्रे गंजलेले, पण एका ओळीत सरळ, कुठे झोळ नाही.

"खांब आहेत का ते कसं कळणार?" वहिनींचं तेच चाललं होतं.

आम्ही भिंतीला वळसा घातला. मागच्या बाजूला वर एक जाळीची खिडकी होती, एका कोपऱ्यातून फाटलेली. समोरच्या बाईंचं स्टूल आणलं. वहिनी त्यावर चढल्या, मोबाइलचा उजेड आत टाकून इकडून तिकडे फिरवला. मग पर्समधून एक चेंडू काढला आणि त्या फटीतून आत सोडला.

टप्. टप्. टप्, टप्, टप्. आवाज लहान लहान होत दूर गेला, कुठेही न अडखळता.

"फरशी आहे, माती नाही," वहिनी वरूनच म्हणाल्या. "आणि खांब दिसत नाही गं एकही. कैच्या आहेत वर लोखंडाच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत." त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या नाकाला जाळं लागलेलं होतं आणि चेहरा असा होता की मला त्यांच्या तरुणपणच्या त्या ट्रॉफी घेतलेल्या फोटोची आठवण झाली. परत येताना स्कूटरवर त्या अखंड बोलत होत्या. टेबलं कशी मांडायची, पडदे कुठे, दिवे किती. माझ्या कानात वारा भरत होता, अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी मी हो हो करत होते.

मग आमची खरी धावपळ सुरू झाली. वकिलाकडून जुने कागद तपासून घेतले. गोदामावर कुठल्या बँकेचा बोजा नाही याची खात्री केली. वहिनींनी रिटायरमेंटचे पैसे मोकळे केले, मी माझी एफडी. निम्मी-निम्मी भागीदारी ठरली. ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "वहिनीसुद्धा?" दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच चौकशी करून आले. म्हणाले, "त्या पत्त्यावर विजेचं जुनं बिल थकलंय. ते तुमच्या डोक्यावर येईल, हिशोबात धरा." एवढं सांगणं म्हणजे त्यांच्या परीने आशीर्वादच.

कितीपर्यंत जायचं तो आकडा आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून ठरवला आणि कुणालाही सांगितला नाही. बाजारात अशी जागा घ्यायची तर त्याच्या दुप्पट पैसे मोजावे लागले असते.

नीलामीच्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी घेतली. निगमाच्या ऑफिसातला एक साधा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, गरगरणारे पंखे. मला वाटलं होतं तशी गर्दीही नव्हती. आमच्या पुढच्या रांगेत सफारी सूटमधले एक गृहस्थ बसले होते. सगळे साहेब त्यांना नमस्कार करत होते. ते अशा जागा घेऊन, दुरुस्त करून विकतात, हे मागाहून कळलं. त्यांनी वळून आम्हाला बघितलं आणि वेलदोड्याची डबी पुढे केली.

"कौन सा देख रहे हो, भाभीजी?"

"बस, देख ही रहे हैं," मी म्हटलं.

"गोदामवाला हो तो रहने देना. उसमें काम बहोत निकलेगा."

वहिनींनी वेलदोडा घेतला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "म्हणजे ह्यालाच पाहिजे."

पहिल्या दोन-तीन जागांना कुणी बोलीच लावली नाही. मग गोदामाचा नंबर आला. निगमाच्या साहेबांनी अटी वाचल्या: जैसा है जहाँ है, रकमेचा ठराविक हिस्सा आजच भरायचा, आणि विक्री पक्की व्हायला महिन्याभराची मुदत. मग सुरुवातीचा भाव बोलले. मागे बसलेल्या दोघा जणांनी हात वर केला. सफारीवाल्यांनी वर केला. मी केला. भाव वर चढत गेला, एकेक पायरी, आणि थोड्या वेळाने ते दोघे एकमेकांकडे बघून बाहेर पडले. राहिलो आम्ही आणि ते.

ते अगदी आरामात बोली लावत होते, जणू भाजी घेताहेत. मी बोलले की त्यांचं उत्तर तयार. आमच्या आकड्याच्या जवळ आलो तशी मी बोलायच्या आधी आकडा मनात दोनदा म्हणून बघायला लागले. मी परचेसवाली, पण ती कंपनीच्या पैशांची. आपले स्वतःचे पैसे हॉलभर मोठ्याने बोलून दाखवायचे म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती.

वहिनी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. एकाएकी त्यांनी माझं मनगट दाबलं. "आता त्याने वेळ घेतला," त्या पुटपुटल्या. "आतापर्यंत पटकन मारत होता. आता पाय मागे गेलाय त्याचा. एकदम जोरात मार."

"किती जोरात?"

"सगळं."

म्हणजे आमचा ठरलेला शेवटचा आकडा, एका उडीत. परचेसमध्ये आम्ही असं कधीच करत नाही, शेवटचा पत्ता शेवटपर्यंत झाकून ठेवायचा असतो. पण वहिनींच्या हाताची पकड इतकी पक्की होती की मी बोलून गेले. सफारीवाल्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग हातातली फाइल मिटून मांडीवर ठेवली.

साहेबांनी तीनदा पुकारा केला. तिसऱ्या पुकाऱ्याला मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा वहिनी उभ्या होत्या, आणि अख्खा हॉल आमच्याकडे बघत होता.

बाहेर जिन्यात सफारीवाले भेटले. "अच्छा खेले, भाभीजी," ते म्हणाले. "पर अभी खुश मत होना. गोदामवालों का एक बड़ा भाई है, तेज़ है. महीना भर में बकाया भर देगा तो सौदा कैंसल."

त्यात खोटं काही नव्हतं. विक्री झाली तरी जुन्या मालकाने मुदतीत थकलेला कर आणि खर्च भरला, तर जागा त्याची त्याला परत मिळते. आमचे पैसे परत येणार, पण गोदाम जाणार. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. ऑफिसात ऑर्डरी काढता काढता मी कागदाच्या मागच्या बाजूला टेबलं मांडत होते. वहिनींनी तर रंगाचे नमुने आणून ठेवले. एकमेकींना आम्ही बजावत होतो की मन गुंतवायचं नाही, आणि तेवढ्यात कुणीतरी दिव्यांचा विषय काढायचं.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात माझ्याच वयाच्या एक बाई आणि त्यांच्याबरोबर ताठ पाठीचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. बाई म्हणाल्या, "परदेशीपुऱ्यातलं गोदाम तुम्ही घेतलंत ना? ते माझ्या वडिलांचं. आम्ही महूहून आलोय, निगमात तुमचा पत्ता मिळाला."

वहिनींनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मी चहा टाकायला गेले आणि साखरेऐवजी मिठाची बरणी उघडून बसले.

"पाडणार का तुम्ही ते?" बाईंनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पोरांना टेबल टेनिस शिकवणार."

बाईंना हे अपेक्षित नसावं. त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले. ते इतका वेळ पोर्चमधल्या टेबलाकडे बघत होते, ते आता माझ्या लक्षात आलं.

मग बाईंनी सांगितलं. ती तिघं भावंडं. वडील गेल्यावर थोरल्याला गोदाम ठेवायचं होतं, धाकट्याला विकायचं होतं, आणि बाईंना कुणी विचारलंच नाही. कर कुणी भरायचा यावर प्रत्येक जण म्हणायचा, दुसरा भरेल. "कुर्कीची नोटीस दारावर लागली तेव्हा मी तिचा फोटो काढून दोघांना पाठवला," त्या म्हणाल्या. "दोघांनी उत्तरात अंगठा पाठवला. एवढंच."

मी हसले. आणि लगेच वाटलं, हसायला नको होतं. पण त्यासुद्धा हसत होत्या.

"आम्हाला वाटलं, तुम्ही परत घ्यायला आलात," मी म्हटलं.

"मी नाही. दादा म्हणतोय भरतो म्हणून. मी त्याला सांगितलं, कर वळता करून उरलेले पैसे निगम आपल्याला देणार आहे, तिघांना सारखे. इतक्या वर्षांत आपल्या तिघांना सारखं असं काही मिळालेलं नाही. तर घेऊ या." त्या थांबल्या. "तो ऐकेल की नाही, सांगता येत नाही. मला फक्त बघायचं होतं कोणी घेतलंय."

नीलामीची जागा म्हणजे कुणाच्या तरी हातून सुटलेली जागा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पेपरातल्या त्या बारीक अक्षरांमागचं माणूस आमच्या सोफ्यावर बसून चहा पितंय, असं कधी झालं नव्हतं. तो चहा मला जरा जड गेला.

बाहेरून चेंडूचा आवाज आला. ते गृहस्थ पोर्चमध्ये जाऊन एक बॅट उचलून चेंडू भिंतीवर मारत होते. वहिनी उठून गेल्या. "खेळता?" त्यांनी विचारलं.

"मेसमध्ये खेळायचो. खूप वर्षं झाली."

दहा मिनिटांत दोघांचे चेहरे लाल झाले होते. वहिनींनी पदर खोचलेला, गृहस्थांनी बुटांचे बंद सोडून बूट बाजूला ठेवलेले. बाई आणि मी पायरीवर बसून बघत होतो. ते हरले, आणि पुन्हा सर्व्हिस मागितली. संध्याकाळची बस चुकली तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना पुढच्या बससाठी गाडीने स्टँडवर सोडलं.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. घरी बसवेना म्हणून आम्ही दोघी सकाळीच निगमाच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथे बसून काही उपयोग नव्हता, पण बसलो. जेवणाच्या सुट्टीआधी एक उंच म्हातारे गृहस्थ आले. हातात चेनची बॅग. त्यांनी काउंटरवर गोदामाचा नंबर सांगितला. थोरले दादा.

"पूरा भरना है तो कितना?" त्यांनी विचारलं. बाबूने आकडा सांगितला. त्यांनी चेकबुक काढलं.

मग दादांनी विचारलं, "और नहीं भरा तो हमको कितना मिलेगा?"

बाबूने तेही सांगितलं. दादा तिथेच उभे राहिले. पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग आमच्या समोरच्या बाकावर येऊन बसले. आम्ही कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा फोन वाजला, पलीकडून बहीण बोलत असावी, कारण ते मराठीत म्हणाले, "हो गं, आलोय मी इथे. विचार करू दे मला." फोन ठेवून ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला एकदा वाटलं, उठावं, जाऊन सांगावं की आम्ही ते नीट सांभाळू. वहिनींनी नुसती मान हलवली. नको. त्याचं त्याला ठरवू दे.

"चाय पीके आता हूँ," दादा बाबूला म्हणाले, आणि बॅग घेऊन खाली उतरले.

दुपार गेली. काउंटरवर माणसं येत राहिली, दर पावलाला आम्ही जिन्याकडे बघत राहिलो. शेवटी बाबूने खिडकीची काच खाली ओढली. "मैडम, अब घर जाइए," तो म्हणाला. "आपका हो गया."

दादा परत आले नव्हते. वहिनी उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिथेच, फायलींच्या कपाटांसमोर, मला मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दोघी जिन्यावरून अशा धावत उतरलो की चौकीदार बाजूला झाला.

कब्जा मिळायला त्यानंतरही वेळ लागला. ज्या सकाळी सील तुटलं त्या सकाळी निगमाचे लोक, समोरच्या बाई, हे, भाऊजी आणि महूहून आलेल्या त्या बाई असे सगळे गलीत उभे होते. दार कुरकुरत उघडलं. आधी कबुतरं बाहेर आली, फडफडत, आमच्या डोक्यांवरून. मग उजेड आत गेला.

मी आजवर खूप जागा बघितल्या, पण असं काही बघितलं नव्हतं. पत्र्यांमध्ये अधूनमधून काचा बसवलेल्या होत्या. त्यांच्यावर धूळ असूनही दुधासारखा उजेड खाली पडत होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही खांब नाही. एका भिंतीलगत लाकडी बॉबिनांची, म्हणजे सुताच्या रिळांची, पोती रचलेली. ती नीलामीत नव्हती, ती पंचनामा करून बाईंना दिली. त्यांनी एक बॉबिन हातात घेऊन अंगठ्याने पुसलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "बाकीचं घेऊन जा म्हणावं भंगारवाल्याला." वहिनी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच एक उडी मारली. फरशी टणक होती.

काम मात्र खूप निघालं. त्याबाबतीत सफारीवाले खरंच बोलले होते. पिंपळाची मुळं भिंतीत हातभर शिरलेली. ड्रेनेजची लाइन कुठे जाते ते कुणालाच सापडेना. विजेचं जुनं बिल भरलं, नामांतरणासाठी, म्हणजे जागा आमच्या नावावर करायला, खेटे घातले. सस्त्यातल्या मकानाची महागाई दार उघडल्यावर सुरू होते, हे मी आता कुणालाही सांगेन. तरी एवढं सगळं धरूनही आम्हाला ते बाजारापेक्षा बरंच स्वस्त पडलं. आणि रोज ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून परदेशीपुऱ्यात जायचं, आज कुठली भिंत रंगली ते बघायचं, ह्यात जे सुख होतं त्याचा भाव मला अजून लावता आलेला नाही. ह्यांनी दिव्यांचं सगळं काम अंगावर घेतलं. दिवे असे लावले की टेबलावर कुठे सावली पडत नाही, आणि ते येईल त्या प्रत्येकाला दाखवतात.

दसऱ्याला हॉल सुरू झाला. पोरांच्या बॅचा सकाळ-संध्याकाळ. आठवडाभरात एक गोष्ट झाली, जी आम्ही धरलीच नव्हती. दुपारी हॉल झाडायला म्हणून वहिनी दार उघडं ठेवायच्या, तर गलीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायला लागल्या. एक दिवस त्यांच्यातली एक पुढे आली. "दीदी, हमको सिखाओगे? बच्चे नहीं हैं हम, पर..."

"आओ ना," वहिनी म्हणाल्या.

दुपारची ती बॅच आता सगळ्यात मोठी आहे. पापड लाटणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, नातवंडं शाळेत सोडून आलेल्या. साडीवर स्पोर्ट्स शूज. शनिवारी मला हाफ डे असतो, तेव्हा मीही त्यांच्यात असते. परवा माझी मॅच अशा एका बाईशी होती जिने दिवाळीपर्यंत बॅट हातात धरली नव्हती. तिने मला सरळ हरवलं. मधेच वीज गेली, पण कुणी थांबलं नाही. वरच्या काचांतून पुरेसा उजेड येत होता, आणि वहिनी दुसऱ्या टोकाकडून माझ्यावर ओरडत होत्या, "पाय हलव, पाय. तोंड नको."